कोचीन बंदराचे शिल्पकार : सर रॉबर्ट ब्रिस्टो

चरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे योद्धे, संत, समाजसुधारक किंवा कवी उभे राहतात. सरकारी नोकरीत उभे आयुष्य घालवलेल्या एखाद्या अधिकाऱ्याचे चरित्र वाचावे असे सहसा कोणाला वाटत नाही. फायली, अंदाजपत्रके, पत्रव्यवहार आणि निवृत्ती यापलीकडे त्यात काय असणार, असा आपला समज असतो. पण काही माणसांच्या नोकरीतून एखादे शहरच आकाराला येते. कोचीन बंदराचे मुख्य अभियंता आणि पुढे त्याचे प्रशासकीय अधिकारी असलेले सर रॉबर्ट ब्रिस्टो हे असेच एक गृहस्थ. भूगोलाच्या वर्गात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे शिकवताना मी त्यांचे नाव हमखास घेतो. ते पाठ्यपुस्तकात नसते, म्हणून आज त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

कोचीनची जागा प्रथम समजून घेतली पाहिजे. केरळच्या किनाऱ्याला समांतर अशी खाऱ्या-गोड्या पाण्याची लांबलचक सरोवरे पसरलेली आहेत. तिकडे त्यांना कायल म्हणतात. पेरियारसारख्या नद्यांचे पाणी या कायलांत येते आणि फोर्ट कोचीन व वायपीन बेट यांच्यामधल्या अरुंद मुखातून समुद्राला मिळते. इ. स. १३४१ मध्ये पेरियारला मोठा पूर आला, त्यात मुझिरिस हे जुने बंदर गाळाने निकामी झाले आणि कोचीनचे मुख खुले झाले, असे इतिहासकार सांगतात. पुढे पोर्तुगीज आले, १६६३ साली डच आले आणि १७९५ साली इंग्रजांनी ते डचांकडून घेतले. मिरी, आले, काथ्या आणि नारळाचे तेल यांच्या व्यापारावर ही सारी सत्तांतरे झाली.

मात्र निसर्गाने एक हाताने दिले ते दुसऱ्या हाताने अडवून ठेवले होते. मुखाच्या आत पाणी खोल आणि शांत होते. एखाद्या आरमाराला आसरा मिळावा इतकी आत जागा होती. पण मुखाच्या बाहेर समुद्रात घट्ट वाळूचा एक प्रचंड बांध आडवा पसरलेला होता. त्यावर जेमतेम आठ-नऊ फूट पाणी असे. त्यामुळे मोठ्या आगबोटी बाहेर उघड्या समुद्रातच नांगर टाकीत. माल पडावांत भरून त्यांच्यापर्यंत न्यावा लागे आणि तसाच उतरवून आणावा लागे. पावसाळ्यात समुद्र खवळला की हे कामही ठप्प होई. घर प्रशस्त, पण उंबऱ्यापाशीच डोंगर, अशी कोचीनची स्थिती होती.

आपल्या कोकणातील वाचकाला हे दुखणे अपरिचित नाही. शूर्पारक, चौल आणि दाभोळ ही एके काळची नामांकित बंदरे. गाळाने आणि बदललेल्या व्यापाराने त्यांचे वैभव ओसरले. दुसरीकडे मुरगावला १८८० च्या दशकात बंदराचे आणि रेल्वेचे काम झाले, तेव्हा लोंढ्याच्या मार्गाने घाटमाथ्यावरचा मुलूख समुद्राशी जोडला गेला. बंदर चालणे वा न चालणे यावर शंभर-दोनशे मैल आतल्या बाजारपेठांचे दैव कसे फिरते, हे बेळगाव-धारवाडच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

रॉबर्ट ब्रिस्टो यांचा जन्म १३ डिसेंबर १८८० रोजी लंडनमध्ये झाला. स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते नोकरीत शिरले आणि ब्रिटिश आरमाराच्या गोद्यांच्या कामात त्यांनी अनुभव मिळवला. पहिले महायुद्ध संपले तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्या सुमारास लॉर्ड विलिंग्डन मद्रास इलाख्याचे गव्हर्नर होते. हे विलिंग्डन म्हणजे १९१३ ते १९१८ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर राहिलेले तेच गृहस्थ. मुंबईचे बंदर कसे चालते हे त्यांनी जवळून पाहिले होते. कोचीनचा प्रश्न त्यांच्यापुढे आला आणि त्यांनी ब्रिस्टो यांना बोलावून घेतले. एप्रिल १९२० मध्ये ब्रिस्टो कोचीनला पोचले. काही वर्षांचे काम म्हणून आलेला हा माणूस पुढे एकवीस वर्षे तेथेच राहिला.

वाळूचा बांध कापावा ही कल्पना ब्रिस्टोंची नव्हे. व्यापाऱ्यांनी ती मागणी एकोणिसाव्या शतकापासून लावून धरली होती. पण बांध कापणे शक्य नाही, आणि शक्य झाले तरी त्याचे परिणाम भयंकर होतील, असे जाणकारांचे मत होते. ही भीती पोकळ नव्हती. वायपीन हे लांब, चिंचोळे आणि दाट वस्तीचे बेट. त्याचा किनारा आधीच झिजत होता. बांध म्हणजे एका परीने लाटांचा जोर मोडणारी भिंत. ती भिंत फोडली की समुद्र वायपीनवर आणि फोर्ट कोचीनवर चालून येईल, कोळ्यांची घरे आणि नारळाच्या बागा गिळील, कायलांचेही रूप बिघडेल, असे लोकांना वाटे. बंदर झाले असते तर लाभ व्यापाऱ्यांना, आणि चुकले असते तर नुकसान किनाऱ्यावरच्या गरिबाला, असा हा सौदा होता.

येथे ब्रिस्टो यांचा स्वभाव दिसतो. आल्याबरोबर त्यांनी खोदाईचा आराखडा पुढे केला नाही. १९२० आणि १९२१ या वर्षांत त्यांनी वारे, प्रवाह, भरती-ओहोटी आणि गाळाची हालचाल यांचा अभ्यास केला. मलबारच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र कसा वागतो, हे बघायचे तर तो पावसाळा तेथेच काढावा लागतो, इंग्लंडमधल्या कचेरीत बसून ते कळत नाही. जो मान्सून आजवर बंदराचा शत्रू मानला जात होता, तोच किनारा बांधून देण्याच्या कामी लावता येईल, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

त्यांची योजना अशी होती. वायपीनच्या किनाऱ्याजवळ, किनाऱ्याला जवळपास समांतर असे दगडी बांध घालायचे, आणि एकाचे टोक दुसऱ्याच्या पुढे थोडे येईल अशी त्यांची रचना करायची. पावसाळ्यात लाटांबरोबर वाळू आणि चिखल वाहून येतो, तो या बांधांच्या आडोशाला थबकतो आणि खाली बसतो. म्हणजे जमीन खाण्यासाठी आलेला समुद्रच जमीन देऊन जातो. किनारा राखण्याचा हा मार्ग दाखवल्यानंतरच मुखाबाहेरचा बांध कापण्याला अर्थ होता. आधी ज्याचे नुकसान होईल त्याची सोय पाहायची, मग लाभाच्या कामाला हात घालायचा, हा क्रम मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत सर्वांत मोलाचा वाटतो.

अभियंत्याचा मार्ग सापडला, पण प्रशासकाची परीक्षा पुढेच होती. कोचीनचे बंदर एका सरकारच्या ताब्यात नव्हते. फोर्ट कोचीन हे मद्रास इलाख्यातील मलबार जिल्ह्याचा भाग, म्हणजे ब्रिटिश मुलूख. पलीकडचे एर्नाकुलम आणि लगतचे मट्टनचेरी कोचीन संस्थानाचे. कायलाचा विस्तार जवळच्या त्रावणकोर संस्थानातही गेलेला. एकाच पाण्यावर तीन राजवटी, तीन खजिने आणि तीन जकाती. बंदर सुधारले तर खर्च कोणी किती सोसायचा आणि जकातीचे उत्पन्न कोणी किती घ्यायचे, यावर वर्षानुवर्षे खल चालला. अखेर तिन्ही सरकारांत करार झाला, आणि पुढे भारत सरकारही त्यात सामील झाले. मद्रास सरकारात त्या काळी कायदा खाते सांभाळणारे सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांचा बंदराच्या कामी चांगला उपयोग झाला. कोचीन संस्थानात १९३५ ते १९४१ या काळात दिवाण असलेले आर. के. षण्मुखम चेट्टी यांनीही बंदराचा पाठपुरावा केला. हेच चेट्टी पुढे स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री झाले.

सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचे मर्म लवकर कळावे. नदी, बाजार आणि रस्ता यांना हद्द ठाऊक नसते, कागदाला मात्र ती ठाऊक असते. ब्रिस्टो यांना रोज त्या कागदांतून वाट काढावी लागली. एका सरकारने पैसे मंजूर करावेत तर दुसऱ्याला शंका यावी, दुसऱ्याची शंका फिटते तोवर पावसाळा तोंडावर यावा, अशा परिस्थितीत त्यांनी काम टप्प्याटप्प्याने मांडले. प्रत्येक टप्पा पुरा झाला की त्याचा परिणाम सर्वांना डोळ्यांनी दिसे आणि पुढच्या टप्प्याची मंजुरी सोपी होई. एकदम सारे मागितले असते तर बहुधा काहीच मिळाले नसते.

बांध कापण्यासाठी एक प्रचंड गाळउपसा जहाज, म्हणजे ड्रेजर, बांधून घेण्यात आले. त्याला लॉर्ड विलिंग्डन यांचेच नाव दिले होते. अशा यंत्राचे काम कसे चालते ते विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. तळाची घट्ट वाळू आधी फोडून सैल करायची, पाण्यासकट ती पंपाने खेचून घ्यायची आणि लांब नळातून हवी तिथे नेऊन टाकायची. पाणी निथळून जाते आणि वाळू मागे राहते. हे यंत्र दिवसाचे वीस-वीस तास चालवावे लागे, तेव्हा कोठे वेळेचे गणित जमणार होते. आगबोटींसाठी साडेतीन मैल लांब आणि ४५० फूट रुंद असा मार्ग समुद्रात कोरला गेला. पाण्याखाली कोरलेला हा रस्ता कोणाला दिसत नाही, पण कोचीनचे पुढचे सारे वैभव त्याच्यावरून चालत आले.

२६ मे १९२८ रोजी ‘पद्मा’ ही आगबोट या मार्गाने आतल्या बंदरात शिरली. मोठ्या जहाजाने कायलाच्या शांत पाण्यात येऊन थांबावे, हे कोचीनच्या अनेक पिढ्यांचे स्वप्न होते. दिवसही कसा, तर मान्सून केरळच्या दाराशी येऊन ठेपलेला. पूर्वी याच सुमारास बंदराची दारे मिटायची, आता ती बारा महिने उघडी राहणार होती.

उपसलेल्या वाळूचे काय करायचे, हा अशा कामातील नेहमीचा प्रश्न. ब्रिस्टो यांनी त्याचे उत्तर आधीच योजून ठेवले होते. एर्नाकुलम आणि मट्टनचेरी यांच्यामध्ये, वेंदुरुत्ती या लहानशा बेटालगत, ही वाळू आणि गाळ टाकून सुमारे ७८० एकर नवी जमीन तयार करण्यात आली. तेच आजचे विलिंग्डन बेट. जहाजांची वाट अडवणारे जे होते त्याच्यावरच धक्के, गोदामे, बंदराची कचेरी आणि विमानतळ उभे राहिले. बेट पुलांनी दोन्ही बाजूंना जोडले गेले. मट्टनचेरीकडच्या पुलाचा मधला भाग बोटी जाण्यासाठी उचलता येईल असा केला होता. एर्नाकुलमपर्यंत १९०२ साली आलेली अरुंद रुळांची रेल्वे पुढे रुंद झाली आणि बेटावर धक्क्यापर्यंत नेण्यात आली. मुन्नारच्या डोंगरातला चहा, त्रावणकोरचे रबर, काजू, मिरी आणि काथ्या यांना आता आगगाडीतून उतरून थेट जहाजात चढता येऊ लागले. ब्रिस्टो स्वतःही त्याच बेटावर घर बांधून राहिले.

१९३६ साली कोचीनला मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला. त्यानंतर ब्रिस्टो बंदराचे प्रशासकीय अधिकारी झाले. खोदण्याचे दिवस सरले आणि चालवण्याचे दिवस आले. जहाजांना जागा देणे, माल वेळेवर हलवणे, दर ठरवणे, मजुरांची आणि यंत्रांची व्यवस्था लावणे, आणि मुख्य म्हणजे दर पावसाळ्यानंतर भरलेला गाळ पुन्हा उपसणे. या कामाला शेवट नसतो आणि टाळ्याही नसतात. एक वर्ष गाळ काढला नाही तर पुढच्या वर्षी जहाज अडते, तेव्हा मात्र सर्वांना बंदराच्या कचेरीची आठवण येते.

त्यांच्या आयुष्यातील आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्या काळी कोचीनमधील गोऱ्या लोकांच्या क्लबात हिंदी माणसाला प्रवेश नसे. ज्यांच्याबरोबर दिवसभर काम करायचे, त्यांच्याबरोबर संध्याकाळी एका टेबलाशी बसायचे नाही, हा त्या समाजाचा रिवाज. ब्रिस्टो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी १९३१ साली एर्नाकुलम येथे लोटस क्लब स्थापन केला आणि त्याची दारे हिंदी व युरोपीय अशा दोघांनाही उघडी ठेवली. मुंबईत लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाने १९१७ साली निघालेल्या क्लबाचेही हेच वैशिष्ट्य होते. एका क्लबाने वर्णभेद संपत नाही हे खरे. पण नोकरीत असताना आपल्याच जातभाईंची नाराजी पत्करणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

आता एक प्रश्न विद्यार्थी मला दरवर्षी विचारतात आणि तो योग्यच आहे. परक्या सरकारच्या या चाकराचे आपण इतके कौतुक का करावे? कोचीनचे बंदर इंग्रजांनी कोचीनवासीयांच्या कळवळ्याने बांधले नाही. मळ्यांचा माल लवकर बाहेर जावा आणि आरमाराला दक्षिणेत सुरक्षित ठिकाण मिळावे, हे हेतू त्यामागे उघड होते. दगड वाहणाऱ्या आणि गाळात उभे राहणाऱ्या हजारो हातांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. शिवाय एका बंदराची भरभराट म्हणजे दुसऱ्याची ओहोटी. अठराव्या शतकात राजा केशवदासांनी वसवलेले अलप्पुळा हे त्रावणकोरचे प्रमुख बंदर कोचीनच्या उदयानंतर मागे पडले, त्याच्या धक्क्याचे आता अवशेष उरले आहेत. कोचीनच्या दक्षिणेकडे चेल्लानमसारख्या गावांना समुद्राची धूप आजही छळते. किनाऱ्याला एके ठिकाणी हात लावला की त्याचा हिशेब दुसऱ्या ठिकाणी द्यावा लागतो, असे किनाऱ्याचे अभ्यासक सांगतात.

हे सारे मान्य करूनही माझे उत्तर असे आहे की हेतू साम्राज्याचा असला तरी कामाची पद्धत त्या माणसाची होती. घाईने बांध फोडून मोकळे होणारा अधिकारीही त्या जागी येऊ शकला असता. ब्रिस्टो यांनी दोन पावसाळे अभ्यासात घातले, वायपीनच्या किनाऱ्याचा विचार आधी केला, तीन सरकारांना एका कामाशी बांधून ठेवले आणि काम अर्धे टाकून वरच्या जागेसाठी दुसरीकडे गेले नाहीत. सत्ता बदलली तरी असे काम टिकते. १९४९ साली त्रावणकोर आणि कोचीन एक झाले, १९५६ साली केरळ राज्य झाले. ज्या तीन राजवटींत जकातीवरून वाद होता त्यांच्या हद्दी पुसल्या गेल्या, बंदर मात्र राहिले.

१९४१ साली ब्रिस्टो यांनी कोचीन सोडले. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी मँचेस्टर विद्यापीठात काही काळ अध्यापन केले. कोचीनच्या कामाची हकीकत त्यांनी ‘कोचीन सागा’ या ग्रंथात लिहिली, तो १९५९ साली प्रसिद्ध झाला. सप्टेंबर १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले.

विलिंग्डन बेटावर त्यांच्या नावाचा रस्ता आहे. बेटावरचा विमानतळ प्रवासी विमानांनी १९९९ साली सोडला आणि नेडुंबासेरीला नवा झाला. कंटेनरची वाहतूक २०११ पासून समोरच्या वल्लारपाडम बेटाकडे गेली. कोचीनच्या गोदीत बांधलेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका २०२२ साली भारतीय नौदलात दाखल झाली. एवढे मोठे जहाज समुद्रात गेले ते कोचीनच्या त्याच मुखातून, जेथे शंभर वर्षांपूर्वी आठ-नऊ फुटांहून अधिक पाणी लागणाऱ्या जहाजाला येता येत नव्हते. आणि त्या मार्गातील गाळ अजूनही वर्षानुवर्षे उपसावा लागतो. त्याचा खर्च मोठा आहे, आणि बंदराच्या अंदाजपत्रकातील ती एक कायमची चिंता आहे.

आपल्यापैकी बरेच विद्यार्थी पुढे कोठल्या ना कोठल्या कचेरीत नोकरी करतील. बहुतेकांच्या नावाने बेट होणार नाही की रस्ता होणार नाही. पण समोर आलेल्या कागदामागे कोणाचे घर आहे, हे सही करण्यापूर्वी पाहता येईल, आणि एकदा केलेले काम दरवर्षी पुन्हा करण्याचा कंटाळा न करता सांभाळता येईल. ब्रिस्टो यांच्या चरित्रातून एवढे उचलले तरी ते वाचल्याचे सार्थक होईल.